वळणावरचं झाकण

मी जुन्या मोटारींच्या पेट्रोलच्या टाकीची झाकणं शोधतो आणि दुरुस्त करतो. लग्नाच्या मांडवात कोणी विचारलं आणि एवढं सांगितलं, की समोरचा माणूस माझ्याकडे बघत राहतो, पुढे अजून काही येईल म्हणून. पुढे काही येत नाही. इंजिन नाही, रंग नाही, नुसतं झाकण. गावातली पोरं मला ढक्कनवाले काका म्हणतात, आणि हे नाव माझ्या धंद्यापेक्षा माझ्या स्वभावाला जास्त शोभतं असं बायकोचं मत आहे.

माझी उमेदीची वर्षं सातिवलीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. निवृत्त झाल्यावर सांडोरला घरामागे, केळीच्या बागेच्या कडेला पत्र्याची शेड टाकली आणि त्यात जुनं लेथ मशीन बसवलं. जुन्या गाड्यांचे शौकीन मुंबईहून येतात. त्यांचं इंजिन बांधून झालेलं असतं, रंग झालेला असतो, सीटचं चामडंसुद्धा नवं असतं, आणि मग कळतं की टाकीला झाकणच नाही. झाकण ही गाडीतली सगळ्यात आधी हरवणारी वस्तू. पेट्रोल भरताना कोणीतरी ते टपावर ठेवतो आणि तसाच निघून जातो.

या झाकणांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागेल. जुन्या गाडीचं झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. त्याला सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडून अडून पडतं, दुसरं पाडलं की धार लागते, तसंच हे. टाकीतून पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यावी लागते. ते भोक बुजलं की गाडी थोडं अंतर जाते, खोकते आणि बंद पडते. झाकण सैल केलं की पुन्हा चालू. कितीतरी मेकॅनिकांनी यापायी चांगली इंजिनं उघडून ठेवलेली मी पाहिली आहेत.

मास्तरांनी मला बोलावलं तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता. मास्तर म्हणजे आमच्या गावच्या शाळेचे जुने हेडमास्तर. मीही त्यांच्या हाताखाली शिकलो, म्हणजे मार खाल्ला. आता ते काठीशिवाय चालत नव्हते आणि बोलता बोलता श्वास घ्यायला थांबत. त्यांच्या अंगणातल्या शेडमध्ये ती गाडी उभी होती. त्यांच्या वडिलांनी मुंबईच्या एका पारशी शेठकडून घेतलेली, विलायती, पाठीमागे लाकडी चौकट असलेली लांब गाडी. पुढे माणसं बसत, मागे बाजाराला निघालेले केळीचे लोंगर. केळी नसतील त्या दिवशी गावातली अडलेली बाई तिच्यातून दवाखान्यात जायची आणि नवरी चर्चला. आमच्या आईलाही तिनेच पोहोचवलं होतं असं घरात सांगतात, म्हणजे मी जन्माला येण्यात त्या गाडीचा थोडा हात आहे.

मास्तरांनी ती पुन्हा चालू करून घेतली होती. गॅरेजवाल्याने इंजिन नीट बांधलं होतं. टाकीच्या तोंडावर मात्र प्लास्टिकची पिशवी होती आणि ती सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली होती.

"झाकण शोधून दे," मास्तर म्हणाले. "कुठूनही आण." मग श्वास घेऊन म्हणाले, "कुठूनही म्हणजे, वळणावरचं घर सोडून."

वळणावरच्या घरात त्यांचा धाकटा भाऊ राहतो. मास्तरांच्या घरून चर्चकडे निघालं की रस्ता जिथे वळतो, तिथेच त्याचं फाटक. गाडीचं मूळ झाकण त्याच्याकडे आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं. वडील वारल्यावर वाटण्या झाल्या. गाडी थोरल्याच्या वाट्याला आली, रीत म्हणून. पण ती चालवली होती धाकट्याने. पहाटे केळी भरून बाजारात नेणारा तो, तिच्याखाली आडवा पडून हात काळे करणारा तो. मास्तरांना तर गिअरही धड टाकता येत नसे. वाटणीच्या दिवशी धाकटा शेवटपर्यंत बसून राहिला. सगळे उठले तेव्हा तो गाडीपाशी गेला, टाकीचं झाकण फिरवून काढलं, खिशात घातलं आणि म्हणाला, "गाडी तुझी. हे माझं." त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. चर्चमध्ये एक डावीकडच्या बाकांवर बसायचा, दुसरा उजवीकडच्या, आणि मिस्सा संपल्यावर दोन दरवाजांनी बाहेर पडायचे.

मी म्हटलं, "मास्तर, याला काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. तुम्हीच शिकवलंय."

ते हसले नाहीत. "मी मागणार नाही. त्याने स्वतः आणून दिलं तर दारातून परत पाठवणार नाही. तेवढं सांगतो."

मला बाहेर पोहोचवायला काकी आल्या, मास्तरांच्या पत्नी. फाटकापाशी थांबून हळू आवाजात म्हणाल्या, "यांना गाडी कशाला हवी आहे, ठाऊक आहे ना? आपल्याला शेवटचं हिच्यातूनच न्यायचं, असं सांगून ठेवलंय. डॉक्टरांनी काय ते सांगितलंय. दुसरं काही मागणं नाही माझं. पण पेटीला भावाचा हात लागायला हवा. तो नाही लागला तर मी या घरात एकटी कशी राहू?"

त्यामुळे मास्तरांनी नको म्हटलं होतं तरी मी वळणावर गेलो. धाकटे काका बागेत केळीच्या आळ्यांत पाणी सोडत होते. माझं बोलणं त्यांनी फावडं न थांबवता ऐकलं. नेऊन दिलंत तर परत पाठवणार नाहीत, हेही मी जसंच्या तसं सांगितलं.

"मागायला सांग," ते म्हणाले. "मागितलं तर देईन. मी नाय नेऊन देणार."

मी पुन्हा मास्तरांकडे. "मागितलंत तर देतील म्हणतात."

"मग तू दुसरं शोध," मास्तर म्हणाले.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर दोन सुंभ, एकाच काथ्याचे. मला दोघांचाही संताप आला. एका झाकणासाठी एवढी वर्षं घालवलेली, आणि आता उरलेले दिवसही त्याच हट्टात घालवायला निघालेले. घरी येऊन मी बायकोवर चिडलो. ती म्हणाली, "माझ्यावर कशाला ओरडतोस? झाकण शोध."

मी शोधायला लागलो. आधी टाकीच्या तोंडाचा ठसा घ्यावा लागतो. मी तो भिजवलेल्या कणकेत घेतो. तोंड किती रुंद, कडेची खाच किती खोल, झाकणाचे दोन कान कुठे अडकणार, हे कणीक फार प्रामाणिकपणे सांगते. बायकोला मात्र तिच्या कणकेला पेट्रोलचा वास आलेला चालत नाही. तो ठसा वाळवून मी भंगारवाल्यांकडे फिरलो, सातिवलीच्या गोदामांतून, मग मुंबईत जुन्या सुट्या भागांच्या गल्ल्यांतून. मोबाइलवर लोकांनी फोटो पाठवले. काही झाकणं मोठी, काहींचे कान वेगळे. एक अगदी बरोबर वाटलं, पण ते पत्र्याचं निघालं आणि हातातच चुरलं.

शेवटी ते राजोडीला सापडलं. आमच्या ओळखीची एक मासे विकणारी बाई आहे, तिच्या अंगणात बोटीसाठी डिझेल साठवायचं पिंप होतं आणि पिंपाच्या तोंडावर हिरवट काळं झाकण. मी खाली बसून ते बघायला लागलो तर ती म्हणाली, "मासं घ्याला आला का पिंप घ्याला?" मी कारण सांगितलं. ती म्हणाली, "पितल हाय ते. खारं पानी लागून काय नाय झालं त्याला." बदल्यात तिच्या पिंपासाठी मी लेथवर नवं झाकण करून दिलं. ते तिला जुन्यापेक्षा आवडलं. जाताना तिने हातात बोंबील ठेवले आणि मास्तरांना विचारलंय म्हणून सांगायला सांगितलं. राजोडीची अर्धी माणसं त्यांच्याकडे शिकलेली.

पॉलिशला देण्याआधी मी झाकण गाडीवर बसवून बघायला गेलो. संध्याकाळ होती. मास्तर शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. भोक मिठाने बुजलेलं होतं, ते मी घरीच सुईने उघडलं होतं. झाकणाचे कान खाचेत उतरले, मी पाव फेरा फिरवला आणि आतल्या स्प्रिंगचा तो आवाज आला, ज्यासाठी आम्ही या धंद्यात आहोत.

"बसलं!" मी ओरडलो. मोठ्याने. मला आनंद झाला होता.

मास्तर उठून आले. झाकणावर हात ठेवून उभे राहिले. आनंद झाल्यासारखे दिसले नाहीत. मग मान वळवून म्हणाले, "फाटक वाजलं का?"

मी म्हटलं, वारा असेल. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. मला वाटलं, म्हातारपणात असे भास होतात.

झाकण सातिवलीच्या प्लेटिंगवाल्याकडे दिलं. आधी त्यावरचे खड्डे भरायचे, मग पॉलिश, मग निकेल. "काका, एकदम नया करून देतो," तो म्हणाला. ते त्याच्याकडे असतानाच मास्तर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी रडलो. सत्तरीकडे निघालेला माणूस शाळेतल्या मास्तरांसाठी रडतो याचं बायकोला नवल वाटलं नाही, याचं मला बरं वाटलं.

मी धावत जाऊन झाकण घेऊन आलो. आरशासारखं झालं होतं. मास्तरांच्या घरी माणसं जमली होती, प्रार्थना चालू होत्या, गावातला प्रत्येकजण येऊन पेटीपाशी उभा राहून जात होता. धाकटे काका आले नाहीत. काकी दरवाजाकडे बघत होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाटे, आपल्याकडेच बघतायत. मला म्हणाल्या, "टाकी काठोकाठ भरून आण. यांना अर्धवट काही आवडत नसे." मी काठोकाठ भरून आणली आणि वर ते चकचकीत झाकण लावलं. प्लेटिंगहून आलेल्या झाकणाच्या भोकातून आधी सुई घालून बघायची असते. धंद्यातला पहिला धडा आहे तो. माझ्या डोळ्यांपुढे त्या दिवशी भोक नव्हतं.

गाडी मीच चालवत होतो. मागे लाकडी चौकटीत पेटी, तिच्यावर फुलं. पुढे क्रूस आणि फादर, मागे रोझरी म्हणत चालणारी माणसं. अंगणात फादरांची प्रार्थना संपेपर्यंत इंजिन चालूच ठेवलं होतं, बंद केलं तर पुन्हा धरेल की नाही या भीतीने. टाकी भरलेली, हवेला जागा नाही, भोक बुजलेलं. मास्तरांच्या घरापासून थोडं पुढे आलो आणि गाडी खोकली. पुन्हा खोकली. वळणाच्या अलीकडे आचके देत बंद पडली.

मला त्याच क्षणी कळलं. दुसऱ्या कोणाच्या झाकणाने हे केलं असतं तर मी त्याची शोभा केली असती. खाली उतरलो, मागे गेलो, झाकणावर हात ठेवला. पाव फेरा फिरवला की संपलं. आणि मान वर केली तर धाकटे काका त्यांच्या फाटकात उभे. बनियन, गुडघ्यापर्यंत चिखल. ते पेटीकडे बघत नव्हते. गाडीकडे बघत होते, आजारी माणसाकडे बघतात तसे.

मी हात काढून घेतला.

"काय झालं?" फादरांनी विचारलं.

"इंजिन तापलंय बहुतेक," मी म्हणालो. मयतीत फादरांशी खोटं बोललो, त्याचं मला आजही काही वाटत नाही.

रोझरी थांबली. मागे एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याला कोणीतरी जाऊन गप्प केलं. धाकटे काका फाटक उघडून आले. एका शब्दाने कोणाला विचारलं नाही. सरळ टाकीपाशी गेले आणि झाकण फिरवलं. सूं करून हवा आत गेली, ती शेजारी उभ्या असलेल्यांनाही ऐकू आली. त्यांनी झाकण उलटं केलं, आभाळासमोर धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"भोक कुठाय?"

"प्लेटिंगमध्ये बुजलं."

"आणि तू झाकणं बनवतोस," ते म्हणाले. झाकण माझ्या हातात कोंबलं आणि घरात निघून गेले.

सगळ्यांना वाटलं, गेले. मलाही वाटलं. काकींनी डोक्यावरचा पदर तोंडाशी धरला. पण ते परत आले. अंगात सदरा होता, बटणं एकाआड एक लागलेली, पायावरचा चिखल तसाच. हातात फडक्याची पुरचुंडी. तेलकट फडकं होतं आणि आत मूळ झाकण. निकेल ठिकठिकाणी उडून खाली पितळ दिसत होतं. त्यावर इतक्या वर्षांत हिरवा डाग पडला नव्हता. माझ्या हातांना कळतं, स्प्रिंगला कोणीतरी नेमाने तेल दिलं होतं.

त्यांनी ते लावलं, पाव फेरा फिरवला आणि हात तिथून काढलाच नाही. मग त्यांना रडू फुटलं. म्हातारी माणसं सहसा असं मोठ्याने रडत नाहीत. कोणी पुढे झालं नाही, फक्त काकी गेल्या. "भावोजी, चला," म्हणाल्या, "उशीर होतोय."

"गाडी मी चालवतो," ते म्हणाले.

मी किल्ली दिली आणि मागे चालायला लागलो. गाडी चर्चपर्यंत एकदाही अडली नाही. तिथे पेटी उतरवताना पुढच्या बाजूला ते होते, दफनभूमीतही तेच. मूठभर माती टाकायला सगळ्यात शेवटी गेले. काकींना जे हवं होतं ते झालं. गावात आता सांगतात की मास्तरच भावाच्या दारात थांबले. मी कोणाला भोकाबद्दल सांगायला जात नाही.

मास्तरांना जाऊन महिना झाला, त्याची मिस्सा झाली त्या संध्याकाळी धाकटे काका माझ्या शेडवर आले. मी चहा सांगितला. ते राजोडीचं झाकण टेबलावरच होतं, त्याला मी भोक पाडून ठेवलं होतं. काकांनी ते उचललं, उजेडासमोर धरून भोकातून बघितलं, फिरवून फिरवून बघितलं.

"चांगलं केलंस," ते म्हणाले.

एवढ्यावर ते गेले असते तर मी सुखाने झोपलो असतो.

"मी गेलो होतो," ते म्हणाले. "त्याच्याकडे. तू येऊन बोलून गेलास, मग मला चैन पडेना. म्हटलं, तो काय मागणार नाय, मास्तर आहे तो. आपणच द्यावं. एका संध्याकाळी खिशात घालून निघालो. फाटक उघडलं आणि तुझा आवाज आला. बसलं, म्हणून ओरडलास. आत बघितलं तर तू नवीन झाकण लावलेलं, आणि तो त्याच्यावर हात ठेवून उभा. म्हटलं, आता माझं काय काम? फाटक लावून घेतलं."

चहा आला. त्यांनी तो बशीत ओतून पूर्ण प्यायला, झाकण टेबलावर होतं तिथे परत ठेवलं आणि बागेच्या कडेकडेने घरी गेले. मी त्यांना सांगू शकलो नाही की मास्तरांनी फाटक वाजलेलं ऐकलं होतं, आणि वारा असेल असं मी म्हणालो होतो.

काम अजून चालू आहे. लोक येतात, फोटो दाखवतात, कणकेचा ठसा होतो. फक्त आता कोणी झाकण शोधायला सांगितलं की मी हात लावायच्या आधी विचारतो, मूळचं कुठे आहे. बहुतेक जण म्हणतात, हरवलं. एखादा मात्र उत्तर द्यायला वेळ लावतो. त्याचं काम मी घेत नाही. त्याला म्हणतो, आधी तिकडे जाऊन ये.